पाकीट सांगितलं, पाणी सांगायचं राहिलं

 आजचं बोलणं आम्ही एका चुकीपासून सुरू करणार आहोत. चूक आमचीच आहे.

गेल्या पावसाळ्यात याच कार्यक्रमात आम्ही लहान मुलांच्या जुलाबांवर बोललो होतो. पाणी गाळून घ्या, उकळून घ्या, हात धुवा, आणि जुलाब लागले की ओआरएसचं पाकीट द्या, असं सगळं सांगितलं. कार्यक्रम छान झाला म्हणून आम्ही आपापसात खूश होतो. दोन आठवड्यांनी एका वस्तीवरून आजींचा फोन आला. त्यांचा दीड वर्षाचा नातू जुलाबांनी हैराण झाला होता. त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं, म्हणून लगेच पाकीट आणलं आणि फुलपात्रभर पाण्यात सगळंच्या सगळं ढवळलं. "एवढंसं पोर, ते लिटरभर पाणी पिणार कुठं?" असा त्यांचा साधा हिशेब. पोरानं ते घोट घोट घेतलं. पण जुलाब वाढले, तहान वाढली, पोर चिडचिडं झालं आणि मग मलूल पडलं. दवाखान्यात दोन दिवस काढून ते बरं झालं, हे आमचं नशीब.

आजी रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "पोरींनो, पाकीट सांगितलंत, पाणी किती ते नाही सांगितलंत."

आम्ही तो कार्यक्रम पुन्हा लावून ऐकला. आजी खरं बोलत होत्या. अर्ध्या तासात 'एक लिटर' हे दोन शब्द एकदाही आले नव्हते.

त्या फोनवर त्यांच्या सूनबाईही होत्या. त्यांनी विचारलं, "ताई, औषध तर तेच ना? घट्ट झालं तर उलट जास्त गुण यायला नको का?" प्रश्न अगदी बरोबर आहे. काढा घट्ट केला तर जास्त लागू पडतो, असंच आपल्याला वाटतं. मग इथे उलटं का होतं? आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे. त्यासाठी आपल्याला शरीराच्या सगळ्यात लहान घराच्या दारापर्यंत जावं लागेल.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे, हे शाळेत सगळ्यांनी ऐकलंय. प्रत्येक पेशी म्हणजे एक खोली समजा. त्या खोलीला भिंत असते, तिला पेशीपटल म्हणतात. हे पटल किती पातळ? वहीचा एक कागद घ्या. त्या कागदाच्या जाडीत अशी दहा हजारांहून जास्त पटलं एकावर एक रचता येतील. इतक्या नाजूक पडद्यावर आपला जीव उभा आहे. आत काय घ्यायचं, बाहेर काय सोडायचं, हे तोच ठरवतो.

हा पडदा कशाचा बनलाय? मुख्यतः मेदाचा, म्हणजे तेला-तुपाच्या जातीच्या पदार्थाचा. त्याच्या प्रत्येक कणाला एक डोकं आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाणी अजिबात चालत नाही. आता डोळ्यांसमोर आणा, बायकांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. एका रांगेची तोंडं बाहेरच्या पाण्याकडे, दुसरीची आतल्या पाण्याकडे, आणि पाठी एकमेकींना लागलेल्या. पेशीपटल असंच दोन थरांचं असतं. डोकी दोन्हीकडच्या पाण्याकडे आणि तेलकट शेपट्या मधोमध लपलेल्या. आणि या रांगा खिळा ठोकल्यासारख्या उभ्या नसतात बरं का. त्यातले कण सतत इकडून तिकडे सरकत असतात. पटल पातळ तेलासारखं हलतं, तरी फाटत नाही.

हे दोन थर माणसाला कळले कसे, त्या गोष्टीत आपल्यासारखीच एक बाई आहे. जर्मनीत ब्राउनश्वाइग नावाच्या गावी आग्नेस पॉकेल्स राहत होत्या. जन्म १८६२ चा. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. आग्नेसबाई घर सांभाळायच्या, आजारी आईवडिलांची सेवा करायच्या, भांडी घासायच्या. भांडी घासताना त्यांचं लक्ष पाण्यावरच्या तेलाच्या आणि साबणाच्या तवंगाकडे गेलं. हा तवंग किती पसरतो, तो दाबला तर काय होतं, हे मोजायला त्यांनी पत्र्याची एक पसरट पन्हाळ तयार केली आणि घरच्या घरी वर्षानुवर्षं प्रयोग केले. १८९१ साली त्यांनी इंग्लंडमधल्या लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. रॅले यांनी ते पत्र 'नेचर' या नामांकित नियतकालिकाकडे पाठवलं आणि ते छापून आलं. पुढे तवंग मोजायची ही पद्धत आणखी सुधारली. १९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधला मेद काढून त्याच पद्धतीने पाण्यावर पसरला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट जागेवर पसरला. म्हणजे पटलात मेदाचा एक थर नव्हे, दोन थर असणार. मोरीतल्या तवंगाकडे पाहणाऱ्या नजरेचा धागा असा पेशीच्या भिंतीपर्यंत पोचला.

पण नुसती भिंत असून चालेल का? घराला दारं हवीत. या मेदाच्या पडद्यात जागोजागी प्रथिनं बसवलेली असतात. तीच पेशीची दारं. सरकणारा मेदाचा पडदा आणि त्यात बसलेली प्रथिनं, हे चित्र सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ साली मांडलं. आजही शाळा-कॉलेजात तेच शिकवतात.

आता येण्याजाण्याचे नियम पाहू.

पहिला नियम, गर्दीकडून मोकळ्या जागेकडे. देवघरात उदबत्ती लावली की वास ओसरीपर्यंत जातो. त्याला कुणी ढकलत नाही, तो आपोआप पसरतो. याला विसरण म्हणतात. श्वासातला प्राणवायू असाच पटलातून थेट आत जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. हे कण लहान आणि तेलकट थराला चालणारे, त्यांना दार लागत नाही.

दुसरा नियम पाण्याचा. तो तर आपण रोज स्वयंपाकघरात पाहतो. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की वाटीत पाणीच पाणी होतं. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळी खार सुटलेला असतो. ते पाणी आलं कुठून? फोडींच्या पेशींतून. बाहेर मीठ जास्त झालं, म्हणून आतलं पाणी बाहेर आलं. उलटंही पाहा. मलूल पडलेली मेथीची जुडी साध्या पाण्यात ठेवली की तासाभरात ताठ होते, कारण आता पेशीच्या आत क्षार जास्त आणि बाहेर कमी, म्हणून पाणी आत जातं. पाणी नेहमी जिकडे मीठ-साखर दाट असेल तिकडे ओढलं जातं. याला परासरण म्हणतात. पाण्यासाठी पेशीला खास दारंही असतात. ती अमेरिकेतल्या पीटर ॲग्रे यांनी शोधली आणि त्यासाठी त्यांना २००३ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आजींच्या फुलपात्राचं उत्तर इथेच आहे. लिटरभर पाण्याचं पाकीट फुलपात्रभर पाण्यात घातलं की ते द्रावण चार-पाच पट घट्ट होतं, आपल्या रक्तापेक्षाही कितीतरी घट्ट. असं पाणी आतड्यात गेलं की आतडं मीठ लावलेल्या कैरीच्या फोडीसारखं वागतं. शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. म्हणून जुलाब वाढतात. शिवाय रक्तात मीठ वाढतं, म्हणून तहान वाढते, मूल चिडचिड करतं. मीठ फारच वाढलं तर झटकेही येऊ शकतात. औषध घट्ट केलं म्हणजे जास्त लागू पडेल, हा हिशेब इथे चालत नाही.

मग कुणी म्हणेल, नुसतं साधं पाणीच पाजलं तर? तेही पुरत नाही. जुलाबातून पाण्याबरोबर मीठही जातं. साध्या पाण्याने ते भरून येत नाही. आणि आतड्यातून पाणी एकटं उचललं जात नाही, ते मिठाच्या मागे मागे जातं. मीठ आत गेलं तर पाणी आत जाणार.

आता तिसरा नियम, आणि सगळ्यात गमतीचा. मीठ किंवा साखर मेदाच्या पडद्यातून थेट जाऊ शकत नाही. त्यांना दार लागतं. आतड्याच्या पेशींना एक दार असं आहे की ते जोडीशिवाय उघडत नाही. मिठातल्या सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोज साखरेचा एक कण एकत्र आले तरच ते आत घेतं. नुसती साखर आली तर थांब, नुसतं मीठ आलं तर थांब. दोघं मिळून आले की या. आणि दोघं आत गेले की त्यांच्यामागे पाणी.

पण सोडियमला आत यायची ओढ का असते? कारण पेशीच्या दुसऱ्या बाजूला, रक्ताकडे, एक पंप रात्रंदिवस चालू असतो. तो सोडियमचे तीन कण बाहेर फेकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं आणि बाहेरचं आत यायला टपलेलं असतं. या पंपाला फुकटात काम करता येत नाही, त्याला ऊर्जा लागते. आपण निवांत पडलेले असलो तरी शरीराच्या खर्चातला साधारण पाचवा हिस्सा अशा पंपांवरच जातो. घरातली बाई सगळे झोपले तरी आवराआवर करत असते ना, तसाच हा पंप. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ साली तो शोधला. त्याबद्दल नोबेल मिळायला १९९७ साल उजाडलं.

मीठ-साखरेच्या जोडीचं दार कसं चालत असेल, हे अमेरिकेतल्या रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडलं. तेव्हा ती फक्त शास्त्रज्ञांची चर्चा होती. पण अकरा वर्षांनी त्याच दाराने हजारो जीव वाचवले.

कॉलरा म्हणजे काय, हे आपल्या आजी-पणजींना चांगलं माहीत होतं. त्या त्याला पटकी म्हणत. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशींमधलं एक दार सताड उघडं ठेवतं. त्यातून क्षार बाहेर वाहतात आणि त्यांच्यामागे पाणी. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. पण एक गोष्ट त्या विषाला जमत नाही. मीठ-साखरेच्या जोडीचं दार ते बिघडवू शकत नाही. पुढचं दार सताड उघडं पडलं तरी मागचं दार शाबूत राहतं.

१९७१ साली बांगलादेशाच्या लढाईच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून देण्याचं सलाईन संपत आलं, आणि ते लावायला माणसंही पुरेनात. तिथे डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. त्यांनी धाडस केलं. कोलकात्यात लिटरभर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात मिश्रण करून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलं. पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने बंद केली. छावणीत ते पाणी पिंपात कालवलं आणि आजाऱ्यांच्या आई, बहीण, नवरा, जे कुणी जवळ होतं त्यांच्या हाती पेला दिला. पाजत राहा, एवढंच सांगितलं. आधी शंभरातले जवळजवळ तीस दगावत होते. हे पाणी सुरू झाल्यावर ते प्रमाण शंभरात चाराच्याही खाली आलं. २०२३ साली भारत सरकारने डॉ. महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

या गोष्टीत आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे औषध पाजणारे हात घरच्यांचे होते. पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायकांनी घरोघर जाऊन एक कोटीहून जास्त घरांत चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मोजकं पाणी कसं कालवायचं ते शिकवलं. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला कशावर ठरायचा, माहीत आहे? नंतर दुसऱ्या कुणी जाऊन विचारल्यावर त्या घरच्या आईला किती आठवतं, त्यावर. हे वाचलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आमचा मोबदला तसा ठरत असता, तर त्या आठवड्यात आम्हाला एक पैसाही मिळाला नसता.

तर आता नीट ऐका. आणि छापील वाचत असाल तर हे कात्रण भिंतीला लावा.

पाकिटाच्या मागे किती पाणी घ्यायचं ते लिहिलेलं असतं. मोठं पाकीट एक लिटरसाठी, लहान पाकीट साधारण २०० मिलिलिटरसाठी असतं. आधी वाचा, मग फोडा. आख्खं पाकीट एकदम, तेवढ्याच पाण्यात. थोडं पाकीट, थोडं पाणी असा अंदाज नको. पाणी उकळून गार केलेलं घ्या. कालवल्यावर पुन्हा उकळू नका. त्यात वरून साखर, मीठ, दूध काही घालू नका. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या, नवं कालवा. दुकानातली गोड डबाबंद पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यात साखर फार असते, आणि दाट साखरही आतड्यात पाणीच ओढते.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीने वरचा ढीग काढलेला. साखरेचं आतड्यात ग्लुकोज होतं आणि ते जोडीचं दार उघडतं. मीठ घातलेली पातळ भाताची पेजही चालते. भातातल्या पिठाचंही शेवटी ग्लुकोजच होतं. आजारपणात पेज देणाऱ्या आपल्या आयांना दाराची गोष्ट माहीत नव्हती, पण हात बरोबर दारावर होता.

किती पाजायचं? दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप. त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. चमच्या चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश पाजा. अंगावरचं दूध बंद करू नका, जेवणही बंद करू नका. 'पोटाला विश्रांती' म्हणून उपाशी ठेवणं बाळाला महागात पडतं. आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे झिंकच्या गोळ्या मिळतात. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, आणि जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस.

आणि हे दिसलं तर घरी थांबू नका. डोळे खोल गेलेत, मूल सुस्त पडलंय, पाणी पीत नाहीये, लघवी होत नाहीये, शौचात रक्त आहे, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू जागेवर जाते आहे. लगेच दवाखाना गाठा, आणि वाटेतही चमच्याने पाजत राहा.

आता राहिलं लिटरचं. त्या आजींना आम्ही पुन्हा फोन केला आणि विचारलं, तुमच्या घरी लिटरचं माप आहे का? त्या म्हणाल्या, "दुधाचं होतं, ते कधीचं हरवलं." मग आम्ही आमच्या गटातल्या बायकांना आपापल्या घरचा तांब्या मोजायला सांगितला. कुणाचा पाऊण लिटरचा निघाला, कुणाचा सव्वाचा, एकीचा तर दीड लिटरचा. म्हणजे 'तांब्याभर पाण्यात घाला' असं आम्ही सांगितलं असतं, तरी चूकच झाली असती.

म्हणून आज एक काम करा. बाजारात पाण्याची एक लिटरची बाटली मिळते, तिच्यावर माप छापलेलं असतं. रिकामी झालेली एखादी बाटली धुऊन घ्या. ती गळ्यापर्यंत भरून पाणी घरच्या पातेल्यात ओता, आणि जिथे पाणी येईल तिथे आतून खिळ्याने एक रेघ ओढा. आजच, जुलाब लागायच्या आधी. रात्री दोन वाजता पोर रडत असताना हिशेब सुचत नाही, रेघ मात्र दिसते.

आजींनी रेघ ओढली आहे. परवा त्यांचा फोन आला होता. नातू आता पळतो आणि पातेलं वाजवत घरभर फिरतो, असं सांगत होत्या. तुमची रेघ ओढून झाली की आम्हालाही फोन करा. आणि पुढच्या वेळी आम्ही काही अर्धवट सांगितलं, तर तेही सांगायला फोन करा. नमस्कार.